बजेट रंधा, नोंद 4: थरथर गेली, दोष तळात नव्हताच

काल रात्री जुन्या चौकटीच्या सागावर रंध्यातून अखंड साल निघाली. दोन फूट लांब, आणि इतकी पातळ की खाली अंथरलेल्या पेपरातली अक्षरं तिच्यातून दिसत होती. हा स्वस्त रंधा सागावर थरथरायचा, पाच आठवड्यांत असं पहिल्यांदाच झालं. फळीवर तळहात फिरवला, एकही लाट लागली नाही. बायकोला हाक मारून दाखवलं, तिनेही हात फिरवून पाहिला आणि ती साल उचलून कपाटाच्या दाराला चिकटवून ठेवली.

मागच्या वेळी मी ठासून लिहिलं होतं की तळ सपाट झाला, आता फक्त धार राहिली. ते चुकलं. त्या भरवशावर कुणी आपल्या रंध्याचा तळ घासायला घेतला असेल तर आधी हे वाचा.

रंधा कोणत्या कंपनीचा ते पहिल्यापासून लिहिलेलं नाही, आजही लिहीत नाही. एका नगावरून नाव ठेवणं बरोबर नाही. 4 नंबरचा, दोन इंची पात्याचा, मोठ्या नावाच्या स्वस्त मालिकेतला, एवढं पुरे.

तर तळ. ओट्याच्या ग्रॅनाइटचा उरलेला तुकडा, त्यावर 80 नंबरच्या सँडिंग बेल्टची पट्टी, तीन संध्याकाळ. (साधा पॉलिश पेपर या कामाला आणू नका, दहा मिनिटांत बोथट होतो. बेल्ट महाग वाटतो पण शेवटी स्वस्त पडतो.) सरळ पट्टी लावली की 0.05 मिमीची फीलर गेज (फट मोजायची पातळ पत्र्याची पट्टी) कुठेच शिरत नव्हती. पात्याची पाठ आरशासारखी, चिपब्रेकर (पात्यावर बसणारी, साल मोडणारी पट्टी) आणि पातं यांच्यात उजेडाची रेघही नाही. पाइनवर रंधा छान चालला. साग घेतला आणि पुन्हा तेच, टर्रर्र असा आवाज आणि फळीवर मण्यांसारख्या बारीक लाटा. पातं कमी काढलं तर चावतच नाही, केसभर जास्त काढलं की उड्या.

दोन आठवडे मी पात्यालाच दोष देत होतो. पातळ आहे म्हणून थरथरतं, असं वाटून जाड जपानी पातं मागवायच्या बेतात होतो.

उलगडा झाला तो आमच्या गल्लीतल्या सुतारकाकांमुळे. त्यांचं सगळं आयुष्य लाकडी रंध्यावर गेलं, लोखंडी रंधा ते फारसा हातात धरत नाहीत. मी चार हात मारले, ते नुसते ऐकत होते. मग म्हणाले, "पातं नाही रडत रे. खालून हलतंय. पाचर ढिली असली की आमचा असाच बोलतो."

लोखंडी रंध्यात पाचर नसते, पण पाचरीच्या जागी पात्याला टेकू देतो तो फ्रॉग. घरी येऊन सगळे भाग जोडले, दोन्ही स्क्रू नेहमीसारखे आवळले आणि पुन्हा फीलर गेज लावली. तोंडाच्या, म्हणजे तळात पातं बाहेर येतं त्या फटीच्या मागे 0.15 मिमीची पट्टी आरामात आत! स्क्रू सैल केले, तळ सपाट. आवळले, पुन्हा खळगा. तळ मी फ्रॉग काढून घासला होता, आणि आवळलेला फ्रॉग त्याच तळाला वाकवत होता.

मग फ्रॉगच्या बुडाला प्रशियन ब्ल्यूचा (जिथे टेकतं तिथे डाग पाडणाऱ्या निळ्या रंगाचा) पातळ हात दिला, जागेवर ठेवून हलकेच दाबला, उचलून पाहिलं. निळा डाग फक्त दोन ठिकाणी, पुढे डावीकडे आणि मागे उजवीकडे. म्हणजे चार पायांचं, पण दोनच पायांवर डुलणारं स्टूल. आणि फ्रॉग ज्यावर टेकतो ती तळावरची बैठक मशीनवर घेतलेलीच नव्हती. ओतकाम जसं आलं तसं, त्यावर रंगाचा जाड थर.

मित्राकडे जुना स्टॅन्ले हँडीमन आहे. तोही त्या काळचा बजेट रंधाच. त्याचा फ्रॉग उघडून पाहिला. पुढेमागे सरकवायचा स्क्रू त्यातही नाही, लिव्हर पत्र्यातून ठोकून काढलेले, मुठीचं लाकूड साधं. पण फ्रॉग टेकतो ती जागा अरुंद असली तरी एका पातळीत आहे. बचत कुठे करायची आणि कुठे नाही, हे तिथे कुणीतरी विचार करून ठरवलेलं दिसतं. तो रंधा आजही सागावर चालतो.

स्वस्त मालिका काही आजकालच्या नाहीत. स्टॅन्लेने 1869 मध्ये लिओनार्ड बेलीची पेटंटं घेतली आणि त्यातून जो रंधा आला त्याचाच साचा आपण सगळे वापरतो. त्याच कंपनीने 1923 मध्ये घरगुती वापरासाठी फोर स्क्वेअर मालिका काढली होती. दुसऱ्या महायुद्धात कारखान्यांतले कामगार ड्रिल घरी नेतायत हे ब्लॅक अँड डेकरच्या ध्यानात आलं आणि 1946 मध्ये त्यांनी घरासाठी वेगळी ड्रिल काढली. बॉशचा युरोपात निळा रंग धंदेवाल्यांचा आणि हिरवा हौशी लोकांचा. मकिताने मॅकटेक ही स्वस्त मालिका काढली होती. मला यात काहीच वावगं वाटत नाही. आपल्यासारख्याला रोज आठ तास रंधा मारायचा नसतो, साध्या मुठीने आणि पत्र्याच्या लिव्हरने काही बिघडत नाही. पण बैठकीवरचं मशीनिंग वाचवलं की ते काम नाहीसं होत नाही, घेणाऱ्याच्या संध्याकाळींवर येऊन पडतं. आणि घेणारा नवशिका असेल तर त्याला वाटतं आपल्यालाच जमत नाही. नवशिक्याच्या हातात जाणाऱ्या वस्तूत हे व्हायला नको, असं मला मनापासून वाटतं.

असो, दुरुस्ती. पेंट रिमूव्हरने रंग काढला. नाना पेठेतून व्हॉल्व्ह घासायची पेस्ट आणली, गॅरेजवाले वापरतात ती, डबीला एका बाजूला जाडी आणि दुसऱ्या बाजूला बारीक. बैठकीवर जाडी पेस्ट लावून त्यावर फ्रॉगच मागेपुढे घासायचा, म्हणजे दोन्ही पृष्ठभाग एकमेकांना जुळत जातात. पहिला प्रयत्न फसला. फ्रॉग मी वरून धरला होता, त्यामुळे घासताना तो झुकत राहिला आणि कडा गोल झाल्या. निळा डाग आधी दोन ठिकाणी होता, तो मधोमध एकाच ठिकाणी आला. त्या रात्री दिवा बंद करून झोपलो.

दुसऱ्या दिवशी उंच ठिपके कानशीने उतरवले आणि फ्रॉग अगदी बुडाशी, दोन बोटांनी धरला. फेरा जेमतेम एक सेंटिमीटरचा. दर पन्नास फेऱ्यांनी पुसायचं, निळा हात द्यायचा, बघायचं. चौथ्या वेळी चारही कोपरे निळे झाले. मग बारीक पेस्टने शेवटचा हात, आणि सगळं थिनरने दोनदा धुतलं, कारण त्या पेस्टचा एक कण जरी पात्याखाली राहिला तरी मेहनत वाया. स्क्रू आवळून फीलर गेज लावली, 0.05 पण जाईना. तळावरच्या त्या तीन संध्याकाळ कामी आल्या.

एक गोष्ट करणाऱ्यांनी लक्षात ठेवा. फ्रॉग जितका खाली बसतो, 45 अंशांच्या उतारामुळे पातं तोंडात तितकंच मागे सरकतं. माझं पातं तोंडाच्या मागच्या कडेला टेकायला लागलं होतं. फ्रॉग थोडा पुढे घेऊन आवळला तेव्हा मोकळं झालं.

खोली कमीजास्त करायच्या चाकात मात्र अजून सव्वा फेरा पोकळ जातो. पत्र्याचा तो दुबेळका ढिला आहे आणि त्याला माझ्याकडे उपाय नाही. सवय लावून घेतली आहे, पातं आधी पूर्ण मागे घ्यायचं आणि मग पुढे आणत नेमक्या जागी थांबायचं, म्हणजे पोकळी नेहमी एकाच बाजूला राहते. काम करताना पातं मागे सरकत नाही.

जाड पात्याचा बेत आता रद्द. मूळचं पातं चांगलं आहे, पोलाद धार धरतं. हिरव्या पॉलिशची वडी चोळलेल्या चामड्यावर दहा हात मारले की पुन्हा केस कापतं. शिवाय जाड पातं या तोंडातून गेलंच नसतं, तोंड कानशीने रुंद करावं लागलं असतं आणि सागाच्या उलट्या रेषांवर मला ते अरुंदच हवं आहे.

हे लिहिता लिहिता सुचतंय की ते पैसे तसेच न ठेवता बाभळीचा एक ठोकळा आणावा आणि काकांच्या हाताखाली लाकडी रंधा करून बघावा. त्यात फ्रॉग नाही, चाक नाही, बैठक म्हणजे पटाशीने केलेला उतार. तो जर मला सपाट करता आला तर पुढची नोंद त्याचीच. भवानी पेठेत वाळलेली बाभूळ मिळते का, शनिवारी बघून येतो. कुणाला ठाऊक असेल तर सांगा, ओली नको.

गणपतीच्या चौरंगाच्या चार फळ्यांपैकी एक झाली. तीन राहिल्यात, आणि त्यातल्या एकीत मधोमध गाठ आहे.