नागिणीची कळ, कोरियन सुया आणि तीन कागद

गेल्या वर्षी डाव्या बरगडीवर नागीण उठली. साताऱ्याहून आईचा फोन: गेरू लाव, तोंडाला शेपूट मिळू देऊ नकोस. इथे दक्षिण कोरियात, सुवॉन शहरात, तिला ‘देसांगपोजिन’ म्हणतात, म्हणजे पट्ट्यासारखे फोड. पुरळ महिन्याभरात वाळलं, पण कळ तशीच राहिली. पाच महिने मी बनियन उलटं घालत होतो, कारण शिवण टेकली तरी चटका बसायचा.

पेन क्लिनिकच्या प्रीगाबालिनने, म्हणजे नसांच्या दुखण्यावरच्या गोळ्यांनी, आणि दोन नर्व्ह ब्लॉकने, म्हणजे नस बधिर करणाऱ्या इंजेक्शनांनी, रात्रीची झोप परत आली, दिवसाचं दुखणं मात्र हटेना. म्हणून ऑफिसातल्यांच्या सांगण्यावरून हानुइवॉन गाठलं, म्हणजे कोरियन वैद्याचा दवाखाना.

तिथल्या सुयांबद्दल, म्हणजे अ‍ॅक्युपंक्चरबद्दल, फार सांगण्यासारखं नाही. पडद्याआडची गादी, अंगावर लाल दिवा, पंधरा मिनिटांनी टिंगटिंग वाजणारं घड्याळ. बहुतेक सुया पाठीच्या कण्यालगत आणि पायात टोचल्या. बरगडीवरच्या मात्र तिरक्या आणि अगदी वरवर, कारण खाली फुप्फुस असतं. सरकारी विम्यामुळे दर खेपेला आठ-नऊ हजार वॉन पडायचे.

घोळ झाला तो हान्याकचा, म्हणजे काढ्याचा. काउंटरवर एक पत्रक होतं: काढा आता सरकारी विम्यात. मी तेवढंच वाचलं आणि पंधरा दिवस पुरणाऱ्या, तयार काढ्याच्या तीस पाकिटांचे ३,२०,००० वॉन भरले. रुपयांत वीसएक हजार. पैसे नंतर परत मिळतील, असं मीच गृहीत धरलं. घरी येऊन फोनवर पत्रकाचा अनुवाद काढला, तर एप्रिल २०२४ पासून सहाच आजार: चेहऱ्याचा लकवा, पाळीचं दुखणं, पक्षाघातानंतरचा त्रास, कमरेची डिस्क, अ‍ॅलर्जीची सर्दी, अपचन. नागीण कुठेच नाही.

म्हटलं, खाजगी विमा आहे ना. त्यांनी पावती मागितली, दिली. मग खर्चाचा तपशील हवा. तोही आणला. मग आजाराच्या कोडसकट डॉक्टरांचा दाखला, त्याचे पैसे वेगळे. तिन्ही कागद पाठवल्यावर नवव्या दिवशी मेसेज: कोरियन वैद्यकीतला ‘बिगुब्यो’, म्हणजे सरकारी विम्याबाहेरचा खर्च, आम्ही मुळातच देत नाही. अरे, मग पहिल्याच पावतीवर तो शब्द छापलेला होता की! २००९ नंतरच्या या पॉलिसींत हे असंच असतं, हे मला शेजारच्या आजींनी सांगितलं. विमा कंपनीच्या तीन माणसांपैकी एकालाही ते सुचलं नाही. तेव्हा पैसे भरण्याआधी एवढंच विचारा: “गुब्यो की बिगुब्यो?” म्हणजे सरकारी विम्यातलं की बाहेरचं?

काढा कडू, मातकट. पाकीट गरम पाण्यात ठेवून पोटात ढकलायचा. त्याने काही झालं का, देव जाणे. सुयांच्या दहाएक खेपांनंतर कळ दहापैकी आठावरून चारावर आली, पण गोळ्याही चालू होत्याच. गोळ्या स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका, आणि कोणत्या घेता ते वैद्यांना दाखवा. हे वैद्य तुमच्या गोळ्यांत बदल करू शकत नाहीत. मधमाशीच्या विषाचं इंजेक्शन सुचवलं तर आधी कातडीवर चाचणी झालीच पाहिजे. मी नकोच म्हटलं.

आणि हो, परदेशी नोंदणीचं कार्ड खिशात ठेवा. मे २०२४ पासून ओळखपत्र न दाखवल्यास विम्याचा दर लावत नाहीत. भर पावसात दोन स्टेशनं परत जाऊन मी ते आणलंय.