आमची वाटचाल : कॅलिपरपासून रॅम्पपर्यंत

मिरजेत माझ्या वडिलांनी 1978 साली सुरू केलेल्या आमच्या कार्यशाळेत कॅलिपर (दुबळ्या पायाला ताठ धरणारी साधने), मापाचे बूट, कुबड्या आणि स्प्लिंट (पायाला आधार देणारी प्लॅस्टिकची खोळ) तयार होतात, आणि अलीकडच्या काळात घरे, शाळा व सभागृहांसाठी रॅम्प आणि कठडेही आम्ही बांधून देतो. डॉ. वॉनलेस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस येथे रुग्णालय उभारले, तेव्हापासून मिरज हे उपचारासाठी येणाऱ्यांचे गाव झाले; शिवाय रेल्वेचे जंक्शन असल्याने सोलापूर, बेळगाव आणि विजापूरकडची माणसेही आमच्याकडे येतात. व्यवसायाची वाटचाल सांगताना जागा कधी घेतली आणि यंत्रे कधी आणली हे सांगण्याची रीत आहे. आमच्या बाबतीत त्याहून महत्त्वाचे वाटते ते हे की या सगळ्या काळात लोक आमच्याकडे काय मागत आले, आणि ती मागणी कशी बदलत गेली.

सुरुवातीच्या वर्षांत आमचे बहुतेक काम पोलिओचे होते. लोखंडी पट्ट्या, चामड्याचे पट्टे आणि बुटाला जोडलेली दांडी असे ते कॅलिपर असे. ते बनवण्याचे कसब वडिलांकडे होते, पण लोकांची पहिली विचारणा कॅलिपर किती टिकेल याची नसे. ते कपड्यांखाली दिसेल का, हे त्यांना आधी हवे असे. एक पाय आखूड असलेल्या मुलाच्या बुटाची उंची तळाला वाढवण्याऐवजी आतून वाढवा, म्हणजे शेजाऱ्यांना कळणार नाही, असा आग्रह होई. मग बूट जड आणि अरुंद झाला तरी घरच्यांची हरकत नसे. माप द्यायला कितीतरी जण दिवेलागणीनंतर येत. वडील मात्र एक पथ्य कटाक्षाने पाळत. बोलणे कोणीही करो, 'कुठे टोचते', 'किती चालायचे असते', 'शाळेत बसायला बाक आहे की जमीन' हे प्रश्न ते ज्याच्या पायाचे माप घ्यायचे त्यालाच विचारत, मग तो सहा वर्षांचा का असेना.

मुली त्या काळी फार कमी येत, आणि पोलिओ मुलींना कमी होत होता असे काही नाही. गुडघ्याच्या वरपर्यंतच्या कॅलिपरसाठी मांडीचे माप घ्यावे लागते आणि ते परपुरुषाने घेणे घरच्यांना मान्य नसे. परकराखाली पाय झाकला जातो, तिला कुठे लांब जायचे आहे, असेही उत्तर मिळे. माझ्या आईने टेप धरायला शिकून घेतले आणि दुकानामागच्या आमच्या राहत्या घरात, पडद्याआड, ती मुलींची मापे घेऊ लागली. आमच्या व्यवसायातला सर्वांत मोठा निर्णय कोणता असे मला कोणी विचारले, तर मी तो पडदा सांगेन. त्यानंतर मिरजेच्या आसपासच्या खेड्यांतून मुलींच्या आया आपसूक येऊ लागल्या, आणि पुढे त्यांतल्या काही मुली कॅलिपर लावून कॉलेजपर्यंत गेल्या.

कॅलिपरला गुडघ्यापाशी कुलूप असते. उभे राहिले की दोन्ही बाजूंच्या कड्या खाली सरकून सांधा ताठ होतो, आणि बसायचे झाले की त्या हाताने वर उचलाव्या लागतात. या कड्या पडताना 'टक्' असा स्पष्ट आवाज होतो. वर्गात गुरुजींनी उभे केले की अख्ख्या वर्गाला तो ऐकू जातो, म्हणून मुले उत्तर येत असूनही हात वर करत नाहीत, हे वडिलांना एका मुलाकडून कळले. त्यांनी कडीच्या बैठकीत चामड्याची पातळ चकती बसवायला सुरुवात केली. तेव्हा आवाज दबला की पालकांना समाधान वाटे. आता जुने पोलिओग्रस्त, जे आज पन्नाशी-साठीचे आहेत, दुरुस्तीला येतात तेव्हा ती चकती झिजल्याचे आम्ही दाखवतो; त्यावर कित्येक जण 'राहू द्या, कडी नीट बसल्याचे आवाजावरूनच कळते' असे सांगतात. एवढा मोकळेपणा यायला त्यांचे निम्मे आयुष्य गेले, याचे मला फार वाईट वाटते.

जन्मतः वाकड्या पावलांच्या बाळांच्या बाबतीत निराळी अडचण असे. पाऊल वाकडे का, याचे उत्तर घरात आधीच ठरलेले असे : आईने ग्रहणात काहीतरी चिरले किंवा हातात सुईदोरा धरला. त्यामुळे बाळाबरोबर त्याची आईही आरोपी म्हणूनच येई, आणि बऱ्याचदा सासूच्या मागे गप्प उभी राही. पोन्सेटी पद्धतीत दर आठवड्याला प्लास्टर बदलत पाऊल हळूहळू सरळ करतात. त्यानंतर दोन छोटे बूट एका पट्टीवर बसवलेली ब्रेस सुरुवातीचे तीन महिने जवळजवळ दिवसरात्र आणि पुढे चार वर्षांच्या वयापर्यंत रात्री लावावी लागते. ती ब्रेस नेटाने लावली नाही तर पाऊल पुन्हा वळते. याचा अर्थ उपचाराचे यश आईवर अवलंबून, आणि घरात दोषी तीच. म्हणून ब्रेस देताना घरातल्या सर्वांना समोर बसवून, यात आईची काहीही चूक नाही आणि ग्रहणाचा याच्याशी संबंध नाही, हे स्पष्ट शब्दांत सांगण्याची पद्धत आम्ही ठेवली आहे. आता बाळाचे वडील स्वतः ब्रेस बांधायला शिकून जातात, हे दृश्य वीस वर्षांपूर्वी दुर्मीळ होते. ग्रहणाचा विषय मात्र पूर्ण गेलेला नाही. शिकलेल्या घरांतही तो हळू आवाजात निघतो.

दृष्टी बदलण्याचे एक उदाहरण चपलेचे आहे. पायाची संवेदना गेलेल्या कुष्ठरोग्यांसाठी एमसीआर या मऊ रबराच्या चपला बनवल्या जातात, कारण खडा टोचला तरी त्यांना कळत नाही आणि जखम चिघळते. त्या चपलेचा घाट ठरावीक असे, आणि ती पायात दिसली की माणूस ओळखला जाई. पाय वाचवणारी वस्तू अनेक जण त्याच भीतीने घरी ठेवून देत. मधुमेह वाढला तसे डॉक्टर त्याच रबराच्या चपला मधुमेहींना लिहून देऊ लागले, कारण संवेदना त्यांचीही जाते. व्यापारी, शिक्षक, निवृत्त अधिकारी त्या घालून बाजारात फिरू लागले आणि चपलेवरचा कलंक पुसला गेला. आम्ही त्याच सुमारास कोल्हापुरी घाटाचे वरचे पट्टे आणि आत एमसीआर असा प्रकार बसवला, तो आजही सर्वाधिक खपतो. आजार प्रतिष्ठितांना झाला तेव्हा चपलेला प्रतिष्ठा मिळाली, हे समाधानाचे कारण मी मानू शकत नाही, पण ज्यांचे पाय वाचले त्यांत जुने रुग्णही होते.

पल्स पोलिओ मोहीम 1995 मध्ये सुरू झाली. देशातला शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 रोजी हावडा जिल्ह्यात आढळला, आणि 27 मार्च 2014 रोजी भारताला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. कार्यशाळेचा मुख्य आधार असलेले काम त्याआधीच आटत आले होते. मी मुंबईत हाजीअलीच्या संस्थेत कृत्रिम अवयव व आधारसाधनांचा अभ्यासक्रम पूर्ण करून परतले, तेव्हा आमच्याकडे पक्षाघाताचे, मधुमेहाचे, अपघाताचे रुग्ण आणि सेरेब्रल पाल्सीची (मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर ताबा कमी असलेली) मुले येऊ लागली होती. लोखंड आणि चामड्याची जागा पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकने घेतली. पायाचा प्लास्टरचा साचा घेऊन तो कानशीने घासून गुळगुळीत करायचा, भट्टीत मऊ केलेली शीट त्यावर ओढून निर्वात पंपाने बसवायची आणि गार झाल्यावर कापायची, असे हे काम आहे.

या शीटवर गरम असतानाच रंगीत नक्षीचा कागद लावला की ती नक्षी प्लॅस्टिकमध्ये कायमची उतरते. पूर्वी आम्ही स्प्लिंट फक्त त्वचेच्या रंगाची बनवत असू, कारण न दिसणे हीच अपेक्षा होती. आता नक्षीची वही आम्ही पालकांना न देता मुलाच्या हातात देतो. फुलपाखरे, रॉकेट, क्रिकेटचे चेंडू यांतून ती निवडतात, आणि एका मुलीने तर दोन पायांना दोन वेगळ्या नक्ष्या घेतल्या. स्प्लिंट दाखवायला मुले शाळेत मोज्याची घडी खाली करून जातात असे पालक सांगतात, आणि आमच्या अनुभवात स्वतः निवडलेली स्प्लिंट मूल जास्त वेळ पायात ठेवते.

कायद्याने या बदलाला आधार दिला. 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, तर 2016 च्या कायद्याने ते एकवीस केले, सरकारी नोकरीतले आरक्षण तीन टक्क्यांवरून चार टक्क्यांवर नेले आणि इमारती सुगम असण्याचा आग्रह धरला. मागणीची दिशा मात्र कायद्याच्या आधीपासूनच वळू लागली होती. कोल्हापूरच्या नसीमादीदी हुरजूक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1984 पासून उभ्या केलेल्या कामामुळे, व्हीलचेअरवरची माणसे नोकरी करतात आणि इतरांना नोकरी देतात, हे आमच्या भागाने डोळ्यांनी पाहिले होते.

मोफत साहित्यवाटपाच्या शिबिरांविषयी आमचे मत ठाम आहे. गरजूंना साधने मिळतात हे खरे, पण एकाच मापाच्या खुर्च्या सरसकट वाटल्या तर त्या वर्षभरात अडगळीत जातात, आणि ज्याला चढता येत नाही त्याला छायाचित्रासाठी व्यासपीठावर उचलून नेणे मला सहन होत नाही. प्रत्येकाचे माप स्वतंत्र घेतले जाईल आणि साधन त्याच्या जागेवर जाऊन दिले जाईल, या अटीवरच आम्ही अशा उपक्रमांना माल देतो. या अटीमुळे काही कामे हातची गेली, आणि त्याची आम्हाला खंत नाही.

आमच्या सांगली जिल्ह्यातील पेठचे मुरलीकांत पेटकर यांनी 1972 मध्ये हायडेलबर्ग येथे पोहण्यात भारताला पहिले पॅरालिम्पिक सुवर्णपदक मिळवून दिले, आणि त्यांना पद्मश्री मिळाली 2018 मध्ये. आटपाडी तालुक्यातील सचिन खिलारी यांनी 2024 मध्ये पॅरिसला गोळाफेकीत रौप्यपदक जिंकले, तेव्हा त्याच आठवड्यात कार्यशाळेत आलेल्या पालकांच्या तोंडी त्यांचे नाव होते. मुलाला मैदानावर पाठवू का, असे विचारणारे वडील मला त्यानंतर भेटू लागले. पूर्वी वडीलमंडळी विचारत ती सरकारी नोकरीच्या दाखल्याची चौकशी.

आमच्या कार्यशाळेतही निम्म्याहून अधिक कारागीर स्वतः कॅलिपर किंवा कृत्रिम पाय वापरणारे आहेत, आणि दोघे कर्णबधिर आहेत. नवीन पाय बसवल्यावर पहिले पाऊल कसे टाकावे हे ते स्वतः करून दाखवतात, त्यामुळे ज्याचा पाय गेला आहे त्याला ते लवकर पटते. त्यांना पूर्ण पगार, पूर्ण जबाबदारी आणि चुकले तर तीच बोलणी, हा नियम वडिलांचाच आहे.

सध्या हाती असलेले काम एका मंगल कार्यालयाचे आहे. व्हीलचेअरवरच्या आजी-आजोबांना वधूवरांपर्यंत पोहोचता येत नाही आणि खालूनच अक्षता टाकाव्या लागतात, अशी तक्रार दोन-तीन घरांनी केल्यावर मालक स्वतः आमच्याकडे आले. त्यांचे व्यासपीठ तीन फूट उंच आहे. एकास बारा या उताराने त्याला छत्तीस फूट लांबीचा रॅम्प लागतो, आणि तेवढी सरळ जागा कडेला नाही. उतार वाढवून लांबी निम्मी करा, मागून दोघे धरतील, असे त्यांनी सुचवले. ज्याला कोणी न धरता वर जायचे असेल त्याचे काय, हे आम्ही त्यांना एका व्हीलचेअरवर बसवून, जवळच्या तीव्र उतारावर नेऊन दाखवले. आता रॅम्प दोन टप्प्यांत वळवून, मध्ये सपाट जागा आणि दोन्ही बाजूंना कठडे देऊन बसवायचे ठरले आहे. त्यासाठी खुर्च्यांच्या दोन रांगा कमी करायला मालक तयार झाले असून तुळशीच्या लग्नाआधी काम पूर्ण करून द्यायचे आहे.