तुम्ही विचारलंत म्हणून: स्वस्तातला बेस आणि त्याचा आवाज

कॉलेजातली मुलं विचारतात, त्यांचे आईवडील विचारतात, नोकरी सांभाळून बँडमध्ये वाजवणारेही विचारतात: "वीसेक हजारांत बेस गिटार कुठली घेऊ? आणि आवाज पातळ वाटला तर पिकअप बदलू का?" दोन्ही प्रश्न बहुतेक वेळा जोडीनेच येतात, म्हणून उत्तरही एकत्रच देतो. घेताना नेक, म्हणजे तारांखालची लांब दांडी, बघा. घेतल्यावर पहिला खर्च तारांवर आणि सेटअपवर करा. पिकअपचा, म्हणजे तारांची थरथर विजेच्या संकेतात बदलणाऱ्या लोहचुंबकी भागाचा, विचार त्यानंतर.

नेकवर मी एवढा अडून बसतो त्याला कारण आहे. पिकअप, पॉट (आवाज कमी-जास्त करायची बटणं), खुंट्या, ब्रिज (तारा खाली जिथे अडकवतात तो भाग) हे सगळं पुढे कधीही बदलता येतं. नेक बदलायचा तर जवळजवळ नव्या गिटारएवढा खर्च येतो. म्हणून दुकानात गेलात की आधी रंग आणि नाव बाजूला ठेवा. सगळ्यांत जाड ई तार एका हाताने पहिल्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे नेकवरची धातूची आडवी पट्टी) दाबा, दुसऱ्या हाताने शेवटच्या फ्रेटवर. आता ती तार सरळ रेषेत आहे. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी डोळा नेऊन बघा: तार आणि फ्रेट यांच्यामधून व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी फट हवी. फट जास्त असली किंवा अजिबात नसली तरी लगेच नाही म्हणू नका. नेकच्या आत ट्रस रॉड नावाची सळई असते, ती फिरवून हे जुळवता येतं. पण ते दुकानदाराला तुमच्यासमोर करायला सांगा. रॉड पार आवळलेला आहे आणि नेक तरीही वाकलेलाच आहे, अशी गिटार कितीही सवलतीत मिळत असली तरी घेऊ नका.

मग चारही तारांवर एकेक फ्रेट सावकाश वाजवा. सगळीकडे थोडी खरखर असेल तर ती ॲक्शनची, म्हणजे तारांच्या उंचीची, गोष्ट आहे, सुटते. एकाच फ्रेटवर सूर गुदमरत असेल तर तिथलं फ्रेट वरखाली आहे, आणि ते काम कारागिराकडे जातं. नेकच्या कडेवरून तळवा फिरवा, फ्रेटची टोकं टोचता कामा नयेत. एवढं पाच-दहा मिनिटांत होतं.

मॉडेल सांगाच म्हणाल तर यामाहाची टीआरबीएक्स 174, आयबानेझची जीएसआर मालिका, कॉर्टची ॲक्शन, स्क्वायरची ॲफिनिटी. सगळ्या कामाच्या आहेत. पण या किमतीत एकाच मॉडेलच्या दोन गिटारींत फरक पडतो, म्हणून हातात घेतलेली गिटार काय सांगते ते कॅटलॉगपेक्षा महत्त्वाचं. पुढे कधीतरी सुटे भाग बदलायचे मनात असेल तर मात्र प्रिसिजनच्या घडणीची गिटार घ्या. लिओ फेंडर यांनी प्रिसिजन बेस 1951मध्ये बाजारात आणला, 1957मध्ये त्याला दोन तुकड्यांचा पिकअप बसवला, आणि तो आकार आजही चालतो. त्यामुळे त्या खाचेत बसणारे पिकअप जगभर मिळतात. शिवाय ते दोन तुकडे विजेमुळे येणारी एकमेकांची गुणगुण मारतात, आणि आपल्याकडच्या स्टेजवरची वायरिंग पाहता हा फायदा फार मोठा आहे.

आता आवाज पातळ का वाटतो त्याकडे येऊ. बऱ्याचदा दोष गिटारीचा नसतोच. बेसच्या मोकळ्या ई तारेचा सूर साधारण 41 हर्ट्झचा. मोबाइलच्या स्पीकरला तो झेपत नाही, घरातल्या छोट्या गिटार ॲम्पलाही झेपत नाही, उलट आवाज वाढवला तर त्या ॲम्पचा स्पीकर फाटण्याची भीती असते. बरा हेडफोन लावून ऑडिओ इंटरफेसमधून (गिटार कॉम्प्युटरला जोडणाऱ्या पेटीतून) ऐका. खर्ज तिथे असतो.

दुसरं कारण म्हणजे तारा. दुकानात महिनोन् महिने टांगलेल्या गिटारीच्या तारा मरगळलेल्या असतात, मुंबई-कोकणच्या खाऱ्या हवेत तर गंजतातही. 45 ते 105 मापाचा नवा निकेलचा संच चढवा आणि वाजवून झालं की प्रत्येक वेळी कोरड्या फडक्याने पुसा. नव्या तारांनी पडणारा फरक बऱ्याच महागड्या पिकअपनेही पडत नाही, असं माझं ठाम मत आहे.

तिसरं, सेटअप. स्वस्त गिटारीत नटच्या खाचा बहुधा उथळ असतात. नट म्हणजे तारा जिथून खुंट्यांकडे जातात ती पांढरी पट्टी. खाच उथळ राहिली की तार पहिल्या फ्रेटपाशी उंच राहते, दाबायला जोर लागतो, आणि दाबताना तार ताणली जाऊन सूर चढतो. ट्यूनर मोकळी तार बरोबर दाखवतो, तरी पहिल्या-दुसऱ्या फ्रेटवर गाणं बेसूर लागतं. नवशिक्याला वाटतं आपलाच कान कच्चा. जाणकार कारागीर बारीक कानसीने प्रत्येक खाच थोडी खोल करतो. हे घरी करू नका, कारण जास्त घासलं की नटच बदलावा लागतो. त्याच वेळी बाराव्या फ्रेटपाशी ॲक्शन दोन-अडीच मिलिमीटरवर आणून घ्या आणि इंटोनेशन, म्हणजे वरच्या फ्रेटांवरही सूर बरोबर लागणं, जुळवून घ्या. पावसाळ्यात आणि थंडीत लाकूड हलतं, तेव्हा वर्षातून एकदोनदा हे पुन्हा बघावं लागेल.

जुन्या सोल संगीतातला गोल, ठोसर आवाज हवा असेल तर तार बदला, फ्लॅटवाउंड, म्हणजे वरचं वेटोळं सपाट असलेल्या गुळगुळीत तारा, लावा. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या असंख्य रेकॉर्डिंग्जवर बेस वाजवणारे जेम्स जेमर्सन प्रिसिजनवर जाड फ्लॅटवाउंड तारा वापरायचे आणि वर्षानुवर्षं बदलायचे नाहीत. ब्रिजजवळ तारांखाली स्पंजचा तुकडा सरकवून बघा, लांबलेला सूर आखूड होऊन भरीव लागतो. याला पैसाही लागत नाही.

एवढं करूनही मन भरलं नाही तर पिकअपकडे वळा. त्याआधी गुणगुण तपासा: तारांना हात लावल्यावर ती कमी होत असेल तर गिटारीत पिकअप आणि वायरी बसतात त्या खाचेला आतून तांब्याची चिकट पट्टी लावून घ्या, बहुतेक काम तिथेच होतं. बॅटरीवर चालणारी गिटार असेल आणि आवाज फाटत असेल तर आधी 9 व्होल्टची बॅटरी बदला, आणि वाजवून झालं की केबल काढून ठेवा, नाहीतर बॅटरी संपत राहते. पिकअप किती उंचीवर बसलाय तेही स्क्रू फिरवून बघा. तारेच्या जवळ आणला की जोर वाढतो, फार जवळ गेला की लोहचुंबक तार ओढून सूर बिघडवतो.

सेमोर डंकन, डिमार्झिओ यांचे प्रिसिजनसाठीचे पिकअप चांगलेच आहेत, पण आपल्याकडे त्यांची किंमत कधीकधी गिटारीच्या निम्म्यावर जाते. जॅझ बेस (फेंडरचाच दोन पिकअपवाला दुसरा प्रकार) असेल तर मागवण्याआधी पट्टीने मोजा, कारण त्यात नेककडचा पिकअप ब्रिजकडच्यापेक्षा किंचित आखूड असतो आणि काही स्वस्त गिटारींत दोन्ही एकाच मापाचे बसवलेले असतात. जुने पिकअप जपून ठेवा. सेकंडहँड बाजारात बदललेल्या पिकअपचे वेगळे पैसे सहसा कुणी देत नाही, म्हणून विकताना जुने परत बसवा आणि नवे पुढच्या गिटारीसाठी काढून घ्या.