जुन्या व्हॅनचा कॅम्पर करताना: निम्मी लढाई पाण्याशीच

व्हॅनचा कॅम्पर, म्हणजे आत राहता-झोपता येईल अशी गाडी, करतोय असं कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला, बेड आडवा टाकणार की उभा? मग किचन कुठे, मग टॉयलेटचं काय. आम्हीही सुरुवातीला कागदावर नकाशेच काढत बसलो होतो. पण जुनी गाडी असेल तर सुतारकाम ही सगळ्यात शेवटची आणि त्या मानाने सोपी गोष्ट आहे, खरी लढाई पाण्याशी असते. बाहेरून शिरणारं पाणी आणि आतल्या आत तयार होणारं पाणी, या दोघांचा बंदोबस्त नसेल तर वर कितीही सुंदर फर्निचर करा, वर्षा-दोन वर्षांत प्लाय फुगणार आणि पत्र्याला आतून गंज धरणार, आणि तो दिसणारही नाही कारण तुम्ही त्यावर छान लाकडी पट्ट्या ठोकलेल्या असतात.

म्हणून गाडी बघतानाच आम्ही इंजिनइतकाच वेळ पत्र्याला दिला. इंजिन दुरुस्त होतं, गिअरबॉक्स बदलता येतो, पण कुजलेली चासी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, असेल तर गाडी संपली. मी एक स्क्रू ड्रायव्हर घेऊन खाली शिरायचे आणि त्याच्या मुठीने ठोकत जायचे, चांगला पत्रा टणटणीत वाजतो आणि आतून खाल्लेला असेल तर आवाज बसका येतो, कधीकधी तर नुसत्या दाबानेच पोपडे पडतात. बघायच्या जागा म्हणजे चाकांवरच्या कमानी, दाराखालची पट्टी, जॅक लावायच्या जागा, पुढच्या काचेचे खालचे कोपरे आणि टपाच्या कडेची पन्हळ. खालून ताजा काळा अंडरकोट (पत्र्याच्या तळाला मारायचा जाड लेप) मारलेली गाडी दिसली की मला तरी संशयच येतो, खाली काय झाकलंय देव जाणे.

गाडी घरी आल्यावर आतलं सगळं काढून टाकलं, जुनी प्लायची लायनिंग, फ्लोअर, रबर मॅट, सगळं. मॅटखाली ओल होतीच. मग केली पाईपची टेस्ट. ही फार साधी आहे पण इन्सुलेशनच्या आधी कराच, नंतर काही दिसत नाही. नवरा बाहेर पाईप घेऊन आणि मी आत टॉर्च घेऊन, दारं बंद. पाणी खालून सुरू करायचं आणि हळूहळू वर सरकायचं, कारण थेट टपावर ओतलं तर ते ओघळत सगळ्याच फटींवरून जातं आणि नेमकं कुठून शिरलं ते कळत नाही. खालचे भाग कोरडे गेले, मागचे दिवे कोरडे, मला वाटलं चला सुटलो, आणि टपाच्या कडेला पाणी पोचल्यावर मागच्या चाकाच्या कमानीवर एक बारीक ओघळ चमकला. "थांब थांब, तिथेच धर, हलू नकोस!" असं मी आतून ओरडतेय आणि त्याला पाण्याच्या आवाजात काही ऐकू येत नाही, तो आपला पुढे सरकतोय. शेवटी मी दारावर थापा मारल्या. तर गंमत अशी की पाणी टपकत होतं कमानीवर पण शिरत होतं पार पुढून, टपावरच्या जुन्या सामानाच्या कॅरिअरचा बोल्ट जिथे टपात घुसला होता तिथून, आणि आतल्या आडव्या बरगडीवरून घरंगळत मागे येत होतं. पत्र्यावर खडूची पूड चोळून ठेवली की पाण्याची वाट स्पष्ट उमटते, ते केलं म्हणून सापडलं. कॅरिअर आम्हाला नकोच होता, काढून टाकला, बोल्टची भोकं बंद केली.

गंजाचं काम कंटाळवाणं आहे पण त्यात शॉर्टकट नाही. वरवरचा गंज असेल तर तारेचा ब्रश, मग रस्ट कन्व्हर्टर, मग प्रायमर, मग रंग. कन्व्हर्टरमध्ये फॉस्फोरिक किंवा टॅनिक अ‍ॅसिड असतं, ते गंजाला स्थिर थरात बदलतं, पण पत्र्याला भोक पडलं असेल तर तिथे कुठलंच केमिकल कामाचं नाही, तेवढा भाग कापून नवा पत्रा वेल्ड करावा लागतो. कमानीपाशी आणि एका बाजूच्या दाराखाली वेल्डिंग करून घेतलं. वेल्डिंगच्या आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायला विसरू नका, गाडीतले इलेक्ट्रॉनिक्स जायची भीती असते. वेल्डरने एक गोष्ट दाखवली जी माझ्या डोक्यात कधी आली नसती, दारांच्या आणि खालच्या पट्टीच्या तळाला छोटी छोटी भोकं असतात, दारात शिरलेलं पाणी तिथून निथळून जायला. आमची निम्मी चिखलाने बुजलेली. "ही मोकळी ठेवा ताई, नाहीतर मी केलेलं सगळं परत सडेल" असं म्हणाला. म्हणूनच मी पोकळ्यांमध्ये स्प्रे फोम मारायच्या विरोधात आहे, तो ही भोकं बुजवतो आणि मागे ओल अडकली की ती बाहेर पडायला जागाच राहत नाही.

मग हवा बाहेर फेकणाऱ्या फॅनसाठी टपात भोक पाडायचं. एवढी मेहनत करून गळती बंद केली आणि आता स्वतःच्या हाताने टपात मोठं चौकोनी भोक पाडायचं, हात थरथरतातच. फॅनची नेहमीची साइझ साधारण ३६ सेंटीमीटर बाय ३६ सेंटीमीटर. आधी आतून बरगड्या कुठे आहेत ते बघून जागा ठरवली, चारही कोपऱ्यांना ड्रिल, मग जिगसॉ, रंगाला ओरखडे पडू नयेत म्हणून भोवती मास्किंग टेप. लोखंडाचा कीस टपावर राहिला तर पहिल्याच दवात त्याचे तांबडे ठिपके पडतात आणि ते रंगात रुततात, म्हणून लगेच चुंबक आणि व्हॅक्यूम फिरवून सगळा गोळा केला. कापलेल्या कडेला प्रायमरचे दोन हात, तो पूर्ण वाळल्यावरच फ्रेम, फ्रेमखाली ब्युटाइल टेप (चिकट रबरी पट्टी), स्क्रू, आणि वरून बाहेरच्या हवेत टिकणारं सीलंट. साधं बाथरूमचं सिलिकॉन इथे वापरू नका, एकदा लागलं की त्यावर नंतर दुसरं काहीच चिकटत नाही, रंगसुद्धा.

आता आतलं पाणी. हे लोकांना पटत नाही. दोन माणसं बंद गाडीत रात्रभर झोपली तर नुसत्या श्वासातून आणि घामातून अर्धा लिटरच्या आसपास पाणी हवेत जातं. त्यात आत गॅसवर काही शिजवलं तर अजून भर, कारण एक किलो गॅस जळला की दीड किलोपेक्षा जास्त पाण्याची वाफ तयार होते, हे साधं रसायनशास्त्र आहे. ही वाफ जाणार कुठे, तर जो पत्रा सगळ्यात गार असेल त्यावर. पहिल्या थंड रात्री मी इन्सुलेशनशिवायच आत झोपून बघितलं होतं, सकाळी टपाच्या बरगड्यांवर थेंब रांगेत लोंबत होते आणि स्लीपिंग बॅगचं तोंड ओलं.

इन्सुलेशनचा विषय निघाला की प्रत्येकाचं मत वेगळं आणि ठाम. माझं मत असं की आतली दमट हवा पत्र्यापर्यंत पोचताच कामा नये, म्हणून आम्ही बंद पेशींचा फोम शीट निवडला, जो पाणी पीत नाही, आणि तो पत्र्याला पूर्ण चिकटवून घेतला, मागे हवेची पोकळी न ठेवता. घरबांधणीतली काचलोकर स्वस्त पडते, पण गाडीत ती हलून हलून खाली बसते आणि ओली झाली की पाणी धरून ठेवते. बरगड्यांवरही पातळ फोम लावा, नाहीतर थंडी तिथूनच आत येते आणि थेंबही नेमके तिथेच धरतात. फ्लोअरला एक्सपीएस, म्हणजे कडक फोमची शीट, तोही पातळच, कारण वर-खाली जाडी वाढवत गेलं की उभं राहायची उंची जाते. आवाज कमी करायचे ब्युटाइल पॅड लोक भिंतभर लावतात, त्याची काही गरज नाही, प्रत्येक पॅनेलचा पाव भाग झाकला तरी पत्र्याची थरथर बरीच कमी होते, बाकी नुसतं वजन.

आणि इन्सुलेशन कितीही केलं तरी हवा खेळती हवीच. वर फॅन बाहेर हवा फेकतोय आणि खाली कुठेतरी बोटभर फट उघडी, एवढं केलं तर फरक लगेच कळतो. थंडीत लोक नेमकं उलटं करतात, सगळं गच्च बंद. गादीखाली फळ्यांमध्ये फटी ठेवा, अखंड प्लायवर गादी ठेवली तर खालून बुरशी येते.

इलेक्ट्रिकल मला सगळ्यात जास्त आवडलं, कारण त्यात हिशोब करता येतो. छोटा १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज दिवसाला साधारण ४०० ते ५०० वॉट-तास खातो, हवा किती गरम आहे त्यावर ते कमी-जास्त होतं, त्यात फॅन, लाइट, फोन आणि माझा लॅपटॉप धरून आमचा अंदाज ८०० च्या आसपास आला. १०० अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी म्हणजे १२.८ गुणिले १००, १२८० वॉट-तास, दिवस-दीड दिवस निघतो. तेवढ्याच आकड्याची लेड-अ‍ॅसिड घेतली असती तर ती टिकवायची म्हणून निम्मीच वापरता येते. फक्त ही लिथियम शून्य अंशाखाली चार्ज करायची नाही, खराब होते, म्हणून ती बाहेर न लावता आत ठेवली. टपावर २०० वॉटचं सोलर, पण आडवं बसवलेलं पॅनेल लेबलवर लिहिलंय तेवढं देत नाही आणि ढगाळ दिवसांत तर विचारूच नका, म्हणून गाडी चालू असताना चार्ज करणारा डीसी-डीसी चार्जरही घेतला, ३० अँपिअरचा, तासाला ४०० वॉट-तासांच्या आसपास जातात. अल्टरनेटरला, म्हणजे इंजिनवर फिरून वीज तयार करणाऱ्या यंत्राला, लिथियम थेट जोडायची नाही, ती इतका करंट ओढते की अल्टरनेटर तापून जळू शकतो.

वायरच्या जाडीचं मात्र गणित करूनच घ्या. १२ व्होल्टला करंट जास्त आणि व्होल्टेज पडतं पटकन. आमचा फ्रिज बॅटरीपासून पाच मीटरवर, चार अँपिअर घेतो, जाऊन-येऊन दहा मीटर वायर, अडीच स्क्वेअर एमएम टाकली तर पाव व्होल्टहून थोडंच जास्त पडतं, तेवढं चालतं. पातळ टाकली असती तर बॅटरी भरलेली असूनही फ्रिज लो व्होल्टेज म्हणून बंद पडला असता. फ्यूज बॅटरीच्या जितक्या जवळ शक्य तितका जवळ, कारण फ्यूज वायरला वाचवतो, उपकरणाला नाही. वायर अनेक तारांचीच घ्या, घरातली एकेरी जाड तार गाडीच्या हादऱ्याने तुटते, आणि पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या कडेला बसणारी कडी. हे सगळं झाल्यावर एका जाणकार इलेक्ट्रिशियनकडून तपासून घेतलं, त्याने दोन क्रिंप (वायरच्या टोकाला दाबून बसवलेले जोड) ओढून बघितले आणि मान डोलावली, मला तेवढंच हवं होतं.

गॅसबद्दल थोडक्यात सांगते. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर खाली साठतो, म्हणून सिलिंडरचा कप्पा आतून सीलबंद आणि त्याच्या तळाला बाहेर उघडणारं भोक. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म, धुराचा अलार्म, अग्निशामक, यात काटकसर नाही. आणि गाडीत बदल करायचे, सीट काढायचे, रजिस्ट्रेशन आणि इन्शुरन्सचे नियम सगळीकडे वेगळे आहेत, ते पहिला स्क्रू काढायच्या आधी बघा.

फर्निचर करताना स्पिरिट लेव्हल कपाटात ठेवून द्या, गाडी कधीच सपाट उभी नसते आणि आत एकही भिंत सरळ नाही. पुठ्ठ्याचा तुकडा धरायचा, कात्रीने थोडा थोडा कापत भिंतीच्या वळणाला बसवायचा आणि मग तो प्लायवर आखायचा. आठ बाय चारचा १२ मिलिमीटरचा बर्च प्लाय एकटाच २४-२५ किलो भरतो, त्यामुळे मी जिथे भार नाही तिथे ९ एमएम आणि हलकं लाकूड वापरलं. ड्रॉवरना दाबून उघडायची कडी लावा, नाहीतर पहिल्या वळणावर चमचे फ्लोअरवर. काम चालू असताना मधेच एकदा वजनकाट्यावर गाडी नेली, नुसती एकूण वजनासाठी नाही, पुढची चाकं वेगळी आणि मागची वेगळी मोजली. मागे भार जास्त निघाला, म्हणून बॅटरी आणि पाण्याचे कॅन चाकांच्या मध्ये, खाली आणले.

पाण्यासाठी पक्की टाकी केली नाही, वीस-वीस लिटरचे दोन कॅन आणि एक छोटा पंप. कॅन बाहेर काढून घासता येतात, आणि गळला तर कुठला गळतोय ते लगेच दिसतं. सांडपाण्याला तसाच तिसरा कॅन सिंकखाली.

आता दर पावसाळ्याआधी एकदा टपावर चढून सीलंटला कुठे तडा गेलाय का ते बघते आणि दारांची भोकं तारेने मोकळी करते. मैत्रिणी विचारतात शॉवर कधी बसवताय, तर बसवणार नाहीये. जे पाणी आत येऊ नये म्हणून एवढा खटाटोप केला ते मी स्वतःच गरम करून आत का सोडू? मागचं दार उघडून बाहेर उभं राहून अंघोळ होते, कॅनच्या पंपाला लांब नळी लावली की झालं.