पेन्सिल आणि एक पौंड धान्य

पेन चालत नाही. लंडनमध्ये सेंट पँक्रासच्या ब्रिटिश लायब्ररीत जुनी कागदपत्रं बघायला जायचं तर फक्त पेन्सिल. बॅग आणि कोट खाली लॉकरमध्ये, सोबत पारदर्शक पिशवी. पहिल्या दिवशी मी शाईचं पेन खिशात तसंच घेऊन गेलो. टेबलाजवळच्या बाईंनी न रागावता ते काढून ठेवायला लावलं आणि स्वतःकडची पेन्सिल दिली. मग मऊ फोमचे दोन तुकडे आणले, दीडशे वर्षांपूर्वीचा तो जाडजूड खंड त्यावर उशीवर बाळ ठेवावं तसा ठेवला आणि पान कसं उलटायचं ते दाखवलं. मी ओशाळलो. आणि खरं सांगतो, भारावलोही.

इंडिया ऑफिस म्हणजे लंडनहून हिंदुस्थानचा कारभार बघणारं खातं. त्याची ही दप्तरं शेल्फवर ओळीनं लावली तर चौदा किलोमीटर भरतात. आमच्या तालुक्याच्या गावी आजोबांचा जुना फेरफार काढायला मी तीन चकरा मारल्या होत्या. तिसऱ्या चकरेत कळलं की ते बाड पावसात भिजलं. आता लगेच ‘गेला हा साहेबाच्या बाजूला’ म्हणू नका. आमच्याकडची छपरं गळतात आणि माणसं कमी आहेत, हे मलाही कळतं. शिवाय इथल्या चौदा किलोमीटरचा खर्च मुळात कुणाच्या शेतसाऱ्यातून निघाला, तेही कळतं.

मी गेलो होतो इंदापूरसाठी. आमच्याकडं जमिनीची इंग्रजी अमलातली पहिली मोजणी आणि आकारणी प्रिंगलसाहेबानं केली. सारा इतका चढा लावला की लोक जमिनी टाकून गेले. मग 1836 च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी ती सगळी नव्यानं बसवली. आपला सर्व्हे नंबर तिथला. पण त्या दिवशी हात भलत्याच खंडावर पडला आणि इंदापूर बाजूलाच राहिलं.

त्या खंडात होता रिचर्ड टेंपल, एक बडा इंग्रज अधिकारी. 1873-74 ला बिहारात दुष्काळ पडला तेव्हा या माणसानं बर्मातून तांदूळ आणून लोक जगवले. मेले फार थोडे. बक्षीस काय मिळालं? उधळेपणाचा ठपका. तीनच वर्षांनी दख्खन आणि मद्रास इलाखा करपला. दिल्लीत 1 जानेवारी 1877 ला व्हाइसरॉय लिटनचा दरबार थाटात झाला आणि टेंपलला दुष्काळी भागात पाठवलं, खर्च आवरायला. ठपका खाल्लेला माणूस तो. त्यानं दुष्काळी कामावरच्या मजुराचा रोज ठरवला: पुरुषाला एक पौंड धान्य आणि एक आणा. आधी दीड पौंड मिळत होतं.

एक पौंड म्हणजे साडेचारशे ग्रॅम. मी घरी येऊन पीठ मोजून बघितलं. चार भाकरी, हात आखडता घेतला तर पाच. तेवढ्यावर दिवसभर माती उपसायची. मद्रासचे डॉक्टर कॉर्निश कळवळून सांगत होते की एवढ्यावर राबणारं शरीर टिकणार नाही. आपल्याकडं तर हजारो मजूर काम टाकून निघून गेले आणि पुण्याची सार्वजनिक सभा त्यांच्या बाजूनं उभी राहिली. टेंपल त्याच साली मुंबईचा गव्हर्नर झाला.

तो खंड वाचताना राग यायला हवा होता. आला, पण उशिरा. आधी मनात आलं ते हेच, की काय सुवाच्य ठेवलंय सगळं! या विचाराची अजून लाज वाटते. हे सांगितलं तेव्हा ऑफिसातला एक इंग्रज सहकारी दुपारी म्हणाला, ‘पण कायदे आणि रेल्वे तर दिली ना?’ त्याला मी पाऊण तास सोडला नाही. संध्याकाळी घरी येताना आठवलं, प्लेगातला 1897 चा साथरोग कायदा आपण 2020 मध्ये कोरोनात वापरला होता. ते काही मी त्याला सांगितलं नाही. सगळंच काय सांगायचं परक्याला!

पुढं 1880 चा दुष्काळ आयोग आला, मग दुष्काळ संहिता आली. टंचाई पडली की सरकारनं कामं काढायची, हा रिवाज तिथून पक्का झाला. 1972 च्या दुष्काळात आमची आजी त्याच रिवाजानं रस्त्यावर खडी फोडत होती. तेव्हा वाटलेल्या सुकडीच्या आणि लाल मिलो ज्वारीच्या गोष्टी तिच्याकडून शंभरदा ऐकल्यात. तिला रोज किती मिळायचा, हे मात्र कधी विचारलं नाही. 1877 च्या मजुराचा रोज मला तोंडपाठ, आणि आजीचा माहीत नाही.

रविवारी आईला फोन करून विचारलं.

‘मला काय ठाऊक? मुकादमाकडं वही असायची,’ आई म्हणाली. ‘पण तुला तिकडं बसून आत्ता कशाला हवंय ते?’

ती वही कुठं असेल, असं विचारणार होतो. तेवढ्यात तिच्या कुकरची शिट्टी झाली.