मनाला पटेल असंच बोला

'मी ग्रेट आहे' हे वाक्य रोज आरशासमोर म्हणायचा सल्ला सर्रास दिला जातो. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मानसशास्त्रज्ञ जोॲन वुड यांच्या प्रयोगांत उलटच दिसलं. ज्यांचा स्वतःवर आधीच विश्वास कमी होता, त्यांना अशा वाक्यांनी जास्त वाईट वाटलं. साहजिकच आहे. मोठा दावा केला की मन लगेच त्याच्याविरुद्धचे पुरावे काढत बसतं.

म्हणून वाक्य खरं हवं. परीक्षेच्या आदल्या रात्री 'माझं काहीच होणार नाही' असं वाटतंय? ते वहीत जसंच्या तसं लिहा. 'काहीच', 'कधीच', 'सगळे' या शब्दांखाली रेघ मारा. गडबड बहुधा तिथेच असते. मग खाली मोजून लिहा: 'दहापैकी सहा धडे झालेत. सकाळी दोन तास आहेत. सातवा धडा वाचेन.' शेवटी कृती हवीच, नाहीतर ती नुसती समजूत राहते.

स्वतःला नावाने हाक मारली तर आणखी सोपं जातं: 'सायली, आधी पाणी पी, मग वही उघड.' मैत्रिणीला धीर देताना असतो तोच सूर ठेवा.

छाती धडधडत असताना मात्र मनाशी वाद घालू नका. आधी पाच-सहा श्वास सावकाश सोडा, मग लिहा. दोन आठवडे झोप-जेवण बिघडलेलं असेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर वहीवर विसंबू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास सुरू असतो.