जहाजावरच पुढच्या क्रूझचे बुकिंग : अलास्का सफरीतील अनुभव आणि अनामतीचे नियम

सिअ‍ॅटलहून निघून अलास्काचा किनारा पाहून पुन्हा सिअ‍ॅटललाच परतणारी सात रात्रींची क्रूझ आम्ही उन्हाळ्यात केली. पुण्याहून आलेले आई-बाबा एका केबिनमध्ये आणि आम्ही दोघे शेजारच्या केबिनमध्ये, अशी व्यवस्था होती. जुनो, स्कॅगवे, ग्लेशियर बे, केचिकान आणि शेवटी कॅनडातील व्हिक्टोरिया हा प्रिन्सेस क्रूझेस या कंपनीचा नेहमीचा मार्ग असून त्याची माहिती सहज मिळते. त्यामुळे हिमनद्या, देवमासे आणि जेवणावळी यांचे वर्णन मी येथे टाळले आहे. ज्याविषयी जहाजावर चढण्यापूर्वी कोणी नीट सांगत नाही, आणि चढल्यावर मात्र पत्रके, पडद्यांवरील जाहिराती आणि घोषणा यांतून जे सतत कानावर पडते, त्या पुढच्या क्रूझच्या बुकिंगविषयीच हा वृत्तांत आहे.

प्रत्येक मोठ्या जहाजावर मधल्या चौकाच्या आसपास पुढच्या सफरी विकणारे एक काउंटर असते. चालू सफरीत असतानाच तेथे पैसे भरले, तर पुढच्या सफरीत जहाजावर खर्च करण्यासाठी काही रक्कम, म्हणजे ऑनबोर्ड क्रेडिट, मिळते किंवा अनामत, म्हणजे बुकिंगसाठी आगाऊ भरायची रक्कम, कमी भरावी लागते. ही सवलत घरी परतल्यावर संकेतस्थळावर मिळत नाही, म्हणून घाई करण्याचा मोह होतो. बाबांनी आयुष्य बँकेत काढलेले असल्यामुळे त्यांनी मात्र माहितीपत्रकातील निळ्या समुद्राकडे फारसे न पाहता पहिलाच प्रश्न विचारला, की भरलेले पैसे परत मिळणार का, मिळणार असतील तर केव्हा आणि कोणाच्या खात्यात. माझ्या मते संपूर्ण व्यवहाराचा गाभा याच प्रश्नात आहे. सफर कोणती, जहाज केवढे, बाल्कनी कोणत्या बाजूला हे सगळे पुढे ठरवता येते.

काउंटरवर वरवर सारख्याच दिसणाऱ्या दोन वेगळ्या गोष्टी मिळतात. एकीत जहाज, तारीख आणि केबिन ठरवून रीतसर बुकिंग होते. दुसरीत काहीच ठरवायचे नसते; केवळ खुली अनामत ठेवायची आणि पुढे मुदतीत केव्हाही ती एखाद्या सफरीला लावायची. प्रिन्सेसवर या खुल्या अनामतीला फ्यूचर क्रूझ डिपॉझिट म्हणतात. ती माणशी १०० डॉलर असते, दोन वर्षे चालते, वापरली नाही तर परत मिळते आणि दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. दोन वर्षांची अट बुकिंग करण्यासाठी आहे; त्या मुदतीत बुकिंग झाले की प्रत्यक्ष प्रवास त्यानंतरचा असला तरी चालतो. पुढच्या सफरीत किती क्रेडिट मिळेल हे मुख्यतः ती सफर किती दिवसांची आहे यावर अवलंबून असते. लहान सफरीला ही अनामत लावली तर फायदा अगदीच किरकोळ राहतो, आणि तीच लांब सफरीला लावली तर तो जाणवण्याइतका होतो. केबिनमधील तिसऱ्या आणि चौथ्या प्रवाशाच्या अनामतीवर सहसा वेगळे क्रेडिट मिळत नाही, त्यामुळे मुलांच्या नावाने अनामत भरण्यापूर्वी हे स्पष्ट विचारून घ्यावे.

हे नियम सर्व कंपन्यांना सरसकट लागू होत नाहीत, आणि येथेच लोकांची गल्लत होते. रॉयल कॅरिबियनच्या जहाजांवर हे काउंटर नेक्स्टक्रूझ या नावाने असते. त्या कंपनीत परत मिळणारी आणि परत न मिळणारी अशा दोन प्रकारच्या अनामती असून दुसऱ्या प्रकारात भाडे कमी दाखवले जाते. मात्र जहाज किंवा तारीख बदलल्यास माणशी १०० डॉलर बदलशुल्क पडते, आणि ग्रँड सूट व त्यावरच्या केबिनसाठी परत मिळणारी अनामत उपलब्धच नसते. नॉर्वेजियन क्रूझ लाइनची क्रूझनेक्स्ट प्रमाणपत्रे दर्शनी किमतीपेक्षा स्वस्तात मिळतात, पण त्यांचे पैसे परत मिळत नाहीत. डिस्ने क्रूझ लाइनच्या प्लेसहोल्डरसाठी, म्हणजे तिथल्या खुल्या अनामतीसाठी, २५० डॉलर भरावे लागतात आणि त्यावर भाड्यात दहा टक्के सवलत मिळते. तेथे मात्र चोवीस महिन्यांच्या आत प्रवासही व्हावा लागतो. प्रिन्सेस आणि हॉलंड अमेरिका या दोन्ही कार्निव्हल कॉर्पोरेशनच्याच कंपन्या असल्या, तरी एकीची अनामत दुसरीकडे चालत नाही. कंपन्या या रकमा आणि मुदती अधूनमधून बदलतात, म्हणून माणसाच्या तोंडी सांगण्यावर न राहता अटींचा छापील कागद मागून घ्यावा आणि केबिनमध्ये जाऊन शांतपणे वाचावा. तेथील कर्मचारी आमच्याशी अतिशय सौजन्याने वागले. पण बुकिंग करून घेणे हे त्यांचे कामच आहे, एवढे भान आपण ठेवलेले बरे.

काउंटरवर केव्हा जावे, यालाही महत्त्व आहे. शेवटच्या दिवशी, व्हिक्टोरियाला पोहोचण्यापूर्वीच्या समुद्रप्रवासात, तेथे रांग लागलेली असते आणि प्रत्येकाला मिळणारा वेळ कमी होतो. जहाज बंदरात उभे असताना आणि बहुतेक लोक जमिनीवर उतरलेले असताना गर्दी तुरळक असते, मात्र त्या वेळी काउंटर उघडे असेलच असे नाही. रोजच्या कार्यक्रमपत्रिकेत वेळा पाहाव्यात. ग्लेशियर बेच्या दिवशी सकाळी राष्ट्रीय उद्यानाचे रेंजर जहाजावर येतात आणि सारे प्रवासी डेकवर जमतात. त्या दिवशी काउंटर ओस पडलेले असते, पण तो मुहूर्त मी कोणालाही सुचवणार नाही. ग्लेशियर बेमध्ये दिवसाला दोनच क्रूझ जहाजांना प्रवेश असतो आणि सगळ्या कंपन्यांना तो मिळत नाही, तेव्हा अनामतीच्या कागदांसाठी तो दिवस घालवणे हा वेडेपणाच ठरेल. हीच गोष्ट पुढची कंपनी निवडतानाही उपयोगी पडते : पुन्हा अलास्का पाहायचे असेल आणि ग्लेशियर बे हवाच असेल, तर तेथे जाणाऱ्या कंपनीकडेच अनामत ठेवावी.

दोन केबिन असलेल्या कुटुंबाने नावांचा घोळ आधीच मिटवावा. अनामत ज्याच्या नावावर असते त्यालाच तिचा लाभ मिळतो. आई-बाबांचे पैसे आमच्या कार्डाने भरले, तरी त्यांची अनामत त्यांच्या प्रवासी क्रमांकावरच नोंदवलेली असावी लागते. शिवाय पासपोर्टवरील नाव आणि जहाजावरील नोंद अक्षरशः जुळते का, हेही पाहावे. आपल्याकडे वडिलांचे नाव कधी मधल्या रकान्यात, तर कधी पहिल्या नावाला जोडून येते आणि पुढे एकाच माणसाच्या दोन नोंदी तयार होण्याची शक्यता राहते. चालू सफर ट्रॅव्हल एजंटामार्फत घेतली असेल, तर जहाजावर केलेले नवे बुकिंगही सहसा त्याच एजंटाकडे जोडले जाते. त्यात आपला तोटा नसतो, उलट काही एजंट आपल्याकडून वेगळे क्रेडिटही देतात. एजंट बदलायचा असेल, तर बुकिंग करतानाच सांगावे. थेट कंपनीकडे झालेले बुकिंग नंतर एजंटाकडे सोपवण्याची मुदत मर्यादित असते आणि पूर्ण पैसे भरल्यानंतर ते बहुधा शक्यच होत नाही.

भारतीय पासपोर्टवर प्रवास करणाऱ्यांनी मात्र सर्वांत अधिक विचार व्हिसाचा करावा, कारण काउंटरवरचा माणूस त्याची जबाबदारी घेत नाही. अलास्काच्या या सफरीत व्हिक्टोरियाचा मुक्काम अवघ्या काही तासांचा, तोही संध्याकाळचा असतो. तो टाळता येत नाही, याचे कारण १८८६ सालचा अमेरिकी कायदा आहे : परदेशात नोंदलेले जहाज अमेरिकेच्या बंदरातून प्रवासी घेऊन पुन्हा तेथेच परतणार असेल, तर त्याला वाटेत एखादे परदेशी बंदर घ्यावेच लागते. (२०२१ साली कॅनडाने आपली बंदरे क्रूझसाठी बंद ठेवली होती, तेव्हा अमेरिकी काँग्रेसला तात्पुरती सूट देण्यासाठी वेगळा कायदा करावा लागला होता.) परिणामी जहाजावरून खाली उतरायचे नसले, तरी आई-बाबांना कॅनडाचा व्हिसा लागतोच, आणि तो नसेल तर सिअ‍ॅटललाच जहाजावर चढू दिले जात नाही. अमेरिकेचे ग्रीन कार्ड असलेल्यांना हा व्हिसा लागत नाही. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्या भारतीयांना लागतो.

त्यामुळे पुढची तारीख ठरवण्यापूर्वी आपल्या हातात कोणते व्हिसा आहेत आणि ते केव्हापर्यंत चालणार आहेत, याचा हिशोब करावा. कॅनडाचा व्हिसा संपत आला असेल, तर लॉस एंजेलिसहून मेक्सिकोच्या पश्चिम किनाऱ्याला जाणारी सफर सोपी पडते, कारण अमेरिकेचा वैध व्हिसा असलेल्या भारतीयाला मेक्सिकोचा वेगळा पर्यटक व्हिसा लागत नाही. युरोपातील सफर शेंगेन, म्हणजे समाईक व्हिसा चालणाऱ्या, देशातून निघून मध्येच तुर्कस्तानसारख्या देशात जाऊन परत येणार असेल, तर एकाच प्रवेशाचा शेंगेन व्हिसा पुरत नाही. सिंगापूरहून पेनांग आणि फुकेतला जाऊन परतणाऱ्या सफरींना सिंगापूरच्या व्हिसाबाबतही हाच न्याय लागू होतो, आणि महाराष्ट्रातून त्या सफरींना जाणारे पुष्कळ आहेत. अमेरिकेत मुलांकडे आलेल्या पालकांच्या बाबतीत आणखी एक मर्यादा असते. प्रवेशाच्या वेळी मिळालेला सहा महिन्यांचा वास्तव्यकाळ कॅनडाला काही तासांसाठी जाऊन आल्याने साधारणपणे नव्याने सुरू होत नाही. म्हणून पुढची क्रूझ याच मुक्कामात बसवायची, की पुढच्या भेटीसाठी ठेवायची, हे आधी ठरवावे. पुढच्या भेटीची तारीख तर तिकिटे, तब्येत आणि घरातली कार्ये यांवर ठरते. अशा कुटुंबांसाठी तारखेचे बुकिंग करण्यापेक्षा परत मिळणारी खुली अनामतच योग्य, असे माझे स्पष्ट मत आहे. अमेरिकेत राहणाऱ्या आणि रजा आधीच ठरवू शकणाऱ्यांनी तारखेचे बुकिंग करायला हरकत नाही, विशेषतः मुलांच्या शाळेच्या सुट्टीतील सफर असेल तर, कारण त्या केबिन लवकर संपतात.

आता थोडे पैशांविषयी. अनामत जहाजावरील खात्यातून वळती होते आणि शेवटच्या बिलात डॉलरमध्ये दिसते. भारतीय बँकेचे कार्ड जोडलेले असेल, तर विनिमय शुल्क आणि त्यावरील जीएसटी द्यावा लागतो; अनामत परत आली तरी हे शुल्क परत येत नाही आणि रुपयाचा दरही तोच राहत नाही. शंभर डॉलरच्या अनामतीवर मिळणाऱ्या लहानशा क्रेडिटमधून हा खर्च वजा करून मगच फायदा मोजावा. शक्य असल्यास विनिमय शुल्क न घेणारे कार्ड वापरावे. ऑनबोर्ड क्रेडिट रोखीने मिळत नाही आणि न खर्चलेली रक्कम सहसा सफरीच्या शेवटी बुडते. मात्र इंटरनेट, सहली किंवा कर्मचाऱ्यांचे रोजचे सेवाशुल्क यांसाठी ती वापरता आली, तर ती सहज संपते. तारखेचे बुकिंग केले असल्यास पूर्ण पैसे भरण्याची तारीख लिहून ठेवावी. रॉयल कॅरिबियनकडे चार रात्रींपर्यंतच्या सफरींना ती जहाज सुटण्याच्या ७५ दिवस आधी आणि त्याहून लांब सफरींना साधारणपणे ९० दिवस आधी असते. त्या तारखेपर्यंत परत मिळणाऱ्या अनामतीचे बुकिंग विनादंड रद्द करता येते, आणि भाडे उतरले तर नव्या दराने बुकिंग बदलूनही मागता येते. त्यानंतर मात्र रद्द करण्याचा दंड टप्प्याटप्प्याने वाढत जातो.

आम्ही शेवटी चौघांच्या नावे खुली अनामत ठेवली आणि कोणतीही तारीख घेतली नाही. पावती ईमेलने आली. ती उतरण्यापूर्वीच उघडून त्यात प्रत्येकाचे नाव, रक्कम, मुदत संपण्याची तारीख आणि परताव्याची अट आहे का, हे तपासून घ्यावे. काउंटर शेवटच्या संध्याकाळी बंद होते आणि सिअ‍ॅटलला उतरण्याच्या सकाळी काहीही दुरुस्त करून मिळण्याची अपेक्षा ठेवू नये.